कोरियन भाषेतल्या 'दाप' या चिनी अक्षराचा अर्थ काय? ते आलं कुठून?

तुम्ही विचारलेलं अक्षर म्हणजे वर 'पाणी' आणि त्याखाली चार खणांची चौकट, म्हणजे 'शेत'. वळण चिनी असलं, तरी ते घडलं कोरियात. अर्थ: भातखाचर. अशा अक्षराची ओळख सांगताना कोरियन माणूस आधी देशी अर्थ आणि मग उच्चार म्हणतो: 'नोन दाप'. नोन हा भाताच्या शेताचा त्यांचा अस्सल शब्द.

चिनीत शेताला एकच अक्षर, मग ते ओलं असो की कोरडं. भातशेतच म्हणायचं तर 'पाणी' आणि 'शेत' अशी दोन अक्षरं लिहायची. उभ्या ओळीत ती एकाखाली एक येतात. कोरियात ती दोन्ही जवळ सरकली आणि एकच झाली. छांगन्योंगच्या शिलालेखात (इ.स. 561, शिल्ला राज्य) हे अक्षर आहे, म्हणजे कोरियाची स्वतःची हंगुल लिपी जन्मायच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी! उच्चार मात्र ना पाण्याचा, ना शेताचा. 'दाप' असंच वाचलं जाणारं, दिसायलाही जवळचं एक चिनी अक्षर आहे. त्यावरूनच तो आला असावा, असं मला वाटतं.

भाताला नवं अक्षर मिळाल्यावर जुनं 'शेत' कोरियात कोरड्या जमिनीपुरतं उरलं. जपानात नेमकं उलटं झालं. तिथे जुनं अक्षर भातखाचराकडे गेलं आणि कोरड्या शेतासाठी त्यांनी 'आग' आणि 'शेत' जोडून नवं घडवलं. रान जाळून पेरायचं, आपल्या कोकणातल्या कुमरीसारखं. तेव्हा जुना कोरियन दस्त जपानी डोळ्यांनी वाचाल, तर जिरायतीत भात लावून बसाल.

या अक्षराचे जोडशब्द मला फार आवडतात. 'छनसुदाप' म्हणजे आभाळाच्या पाण्यावरचं खाचर, पाऊस आला तरच पिकणारं. 'मुनजनओकदाप' म्हणजे दारासमोरची कसदार भातजमीन, थोडक्यात घरंदाज श्रीमंती.

आजही दक्षिण कोरियाच्या जमीन नोंदीत 28 प्रकार आहेत. त्यांत 'जन' म्हणजे कोरडं शेत आणि 'दाप' म्हणजे भाताचं. आता ते बहुतेक हंगुलमध्येच लिहितात. गंमत म्हणजे हंगुलमध्ये अगदी असाच लिहिला जाणारा आणखी एक 'दाप' आहे, वेगळ्या चिनी अक्षरातून आलेला. त्याचा अर्थ 'उत्तर'.