‘बेल टूम’ला मराठीत काय म्हणावे?

इंग्लंडमधल्या बर्फर्डच्या सेंट जॉन चर्चच्या आवारातील ‘बेल टूम’ नावाच्या दगडी स्मारकांसाठी ‘घंटेची समाधी’ हा शब्द चालेल का, असे एका प्रवासलेखिकेने विचारले आहे. चालणार नाही. त्यातले दोन्ही शब्द बदलावे लागतील.

घंटा आणि गठ्ठा या दोन्हींचे इंग्रजी शब्द देवनागरीत ‘बेल’ असेच लिहिले जातात, तिथेच घोटाळा झाला. इथला ‘बेल’ गठ्ठ्याचा. ऑक्सफर्डशायरमधले बर्फर्ड हे लोकरीच्या व्यापारावर गबर झालेले गाव. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या तिथल्या, मृतांवर बांधलेल्या काही दगडी पेट्यांच्या माथ्यावर अर्धगोल, पन्हळी कोरलेला दगड आडवा बसवलेला आहे. ती आवळून बांधलेली लोकरीची गासडी, असे परंपरेने मानतात. काहींच्या मते ती शवपेटीवरचे वस्त्र उचलून धरणाऱ्या कमानदार चौकटीची नक्कल आहे. मूळ काहीही असो, नाव गासडीवरून पडले आहे. म्हणून मी ‘गासडीचे थडगे’ म्हणेन. कापूसबाजारात ‘गाठ’ अधिक रुळलेला आहे, पण ‘गाठीचे थडगे’ म्हटले की दोरीची गाठ डोळ्यांपुढे येते. लोकर तिथे मरणानंतरही सुटत नसे: १६६६ पासूनच्या कायद्यांनी प्रेत लोकरीच्याच कफनात पुरणे सक्तीचे केले होते, मोडल्यास ५ पौंड दंड. ते रद्द झाले १८१४ साली.

‘समाधी’ आपण संतांची, योग्यांची, छत्रपतींची म्हणतो. त्यात पूज्यभाव आहे. व्यापाऱ्याच्या स्मारकाला तो चिकटवू नये. ‘कबर’ जवळची आहे, तरी क्रियापदे पाहा: कबर खणतात, थडगे बांधतात. इथे विषय वर बांधलेल्या, कोरलेल्या दगडाचा आहे, म्हणून ‘थडगे’च नेमके. ‘शवपेटी’ तर मुळीच नको. ती दगडी पेटी पोकळ असते, देह तिच्याखाली जमिनीत असतो. साध्या, गासडी नसलेल्या प्रकाराला ‘पेटीथडगे’ म्हणता येईल.

आवारातल्या उभ्या कोरीव दगडांना ‘वीरगळ’ म्हणण्याचा मोहही टाळावा. वीरगळ लढताना पडलेल्या वीराचा. त्यावर टप्प्याटप्प्याने लढाई, स्वर्गारोहण आणि शिवपूजा कोरलेली असते, वर चंद्रसूर्य, आणि नाव बहुधा नसतेच. इंग्लंडमधल्या त्या दगडांवर पंखांचे देवदूत किंवा कवटी असली, तरी नाव, वय आणि मृत्यूची तारीख हाच मुख्य मजकूर असतो. त्यांना ‘स्मृतिशिळा’ पुरेसे आहे.