आधी 'इतर हक्क' बघ

सप्रेम आशीर्वाद.

आपल्या वैमानिकांचा कंपनीशी होणारा नवा करार मतदानाला आलाय आणि तू विचारतेस, ''काका, युनियनने चार पानी सारांश पाठवलाय, तेवढा वाचला तर चालेल ना?'' नाही चालणार. तो मत मागायला लिहिलेला असतो.

इथे अमेरिकेत आपल्याला रेल्वे लेबर ॲक्ट लागतो. कायदा 1926चा, विमान कंपन्या त्याखाली आल्या 1936मध्ये. या कायद्याखाली करार तारीख उलटली म्हणून संपत नाही, फक्त बदलायला मोकळा होतो. नवा होईपर्यंत जुनाच चालू, मग किती का वर्षं लागेनात. आणि सरकारचं मध्यस्थी मंडळ दोन्ही बाजूंना वाटाघाटीतून सोडत नाही, वर 30 दिवस सरत नाहीत, तोवर संपही नाही. तेव्हा 'पुढच्या वेळी सुधारून घेऊ' असं कुणी म्हणालं तर पुढची वेळ कधी, ते विचार.

वाचायला पहिल्या पानापासून बसू नकोस. आधी व्याख्या, मग थेट शेवटची साइड लेटर्स, म्हणजे कराराला जोडलेली पुरवणी पत्रं. आमचे अण्णा सातबारा हातात आला की मालकाचं नाव नंतर बघायचे, आधी 'इतर हक्क'. बोजा असला तर तिथेच सापडायचा.

मी हे उशिरा शिकलो. नवा होतो. रात्री पावणेदहाला शेड्युलिंगचा फोन: उद्या सुट्टी रद्द, पहाटे पाचला हजर. युनियनच्या प्रतिनिधीला विचारलं, तो म्हणाला, ''चालतं, जा.'' गेलो. दोन महिन्यांनी एका साइड लेटरमध्ये दिसलं की अशा ड्यूटीला दीडपट पैसे होते. तक्रारीची मुदत तोवर टळलेली. माणूस लबाड नव्हता गं, त्यानेही वाचलं नव्हतं.

रागाच्या भरात युनियनलाच कोर्टात खेचायला निघालो, तर वकिलाने 1991चा ओ'नील खटला पुढ्यात ठेवला. कॉन्टिनेन्टल या विमान कंपनीच्या वैमानिकांनी आपल्याच युनियनच्या तडजोडीविरुद्ध लढलेला. सुप्रीम कोर्टाने युनियनला बरीच मोकळीक दिली: भेदभाव नको, अप्रामाणिकपणा नको, निर्णय अगदीच तर्कहीन नको. नुसती चूक झाली म्हणून युनियन दोषी ठरत नाही. मी गप घरी आलो.

पण वाचलंस म्हणून शेड्युलरशी गेटवर हुज्जत घालू नकोस. आधी उडायचं, मग तक्रार नोंदवायची, ही आपल्या धंद्यातली रीत. ड्यूटी नाकारलीस तर कलम बाजूला राहतं आणि अवज्ञेची चौकशी लागते. थकवा आणि सुरक्षितता मात्र वेगळी. एफएएच्या, म्हणजे इथल्या विमान वाहतूक खात्याच्या, नियमांतल्या भाग 117प्रमाणे ड्यूटीआधी सलग 10 तास विश्रांती, त्यात 8 तास अखंड झोपेची संधी. ती कुणाच्या भिडेखातर सोडायची नाही.

आज एवढं कर. रिझर्व्हचं, म्हणजे राखीव ड्यूटीचं, प्रकरण छापून घे, 'शॅल' (करावंच लागेल) पिवळा रंगव, 'मे' (हवं तर करता येईल) गुलाबी. जिथे कंपनीच्या वाट्याला गुलाबी आणि तुझ्या वाट्याला पिवळा दिसेल, ते कलम क्रमांकासकट प्रतिनिधीला ईमेलने विचार. फोनवरचं ''चालतं'' घेऊ नकोस.

रविवारी मी घरी आहे. छापलेले कागद समोर ठेवून फोन कर.

तुझा,
काका