स्पॉकच्या भूमिकेने लिओनार्ड निमॉय यांचं करिअर संपवलं का? विज्ञानकथा मालिका नटाला मारक असते का?

अजिबात संपवलं नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी टीव्ही मालिकेत निमॉय यांनी स्पॉक हा टोकदार कानांचा, भावना न दाखवणारा परग्रहवासी साकारला. 1969 मध्ये ती बंद पडली आणि त्याच वर्षी ते 'मिशन: इम्पॉसिबल' या मालिकेत आले. पुढे रंगभूमी केली, दिग्दर्शनात उतरले. 'थ्री मेन अँड अ बेबी' हा 1987 साली अमेरिकेत सर्वाधिक गल्ला जमवणारा सिनेमा त्यांनीच दिग्दर्शित केलेला. उलट स्पॉकच्या आधीची वर्षं बघा. किरकोळ भूमिका, पोटासाठी टॅक्सी चालवणं. सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त काम कधी मिळालंच नव्हतं, असं ते स्वतः सांगत.

तुम्हाला अशीच एक भूमिका आलीय, म्हणून विचारताय. पण मी लिहायला बसले ते प्रश्नाखालच्या तुमच्या ओळीमुळे. 'टोकदार कान लावून निर्विकार चेहऱ्याने उभं राहण्यात अभिनय तो काय?' हेच वाक्य मी तोंडावर ऐकलंय.

एका एकांकिकेत मी एकट्या म्हाताऱ्याला सांभाळणारं यंत्र होते. मान आधी वळायची, डोळे मागाहून. पापणी लवायची ती वाक्य संपल्यावर. शेवटी म्हातारा जातो, घर रडत असतं आणि यंत्र ठरल्या वेळी औषधाचा पेला घेऊन येतं. दिग्दर्शक म्हणाले, "तू नुसती उभी राहा, रडायचं काम मुलाचं आहे." मी पेला रोजच्याच उंचीवर पुढे धरला. म्हाताऱ्याला प्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढी थांबले आणि पेला परत नेला. पहिल्या रांगेत हुंदका आला तो त्या क्षणी, मुलगा टाहो फोडत होता तेव्हा नाही. प्रयोगानंतर दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रसंग लेखकाने तारला. हिचं काम काय, रंगमंचावरच्या वस्तूचं." मी तेव्हाही वाद घातला होता, आजही घालीन. भावना दाबून ती प्रेक्षकापर्यंत पोचवणं हे रडण्यापेक्षा अवघड काम आहे.

निमॉय यांनाही स्पॉक आयता सापडला नव्हता. मालिकेच्या पहिल्या पायलटमध्ये, म्हणजे चाचणीच्या भागात, तो परग्रहावरच्या गुणगुणणाऱ्या झाडांकडे बघून चक्क हसतो. पुढे एका भागात सगळे घाबरलेले असताना त्याला 'फॅसिनेटिंग' एवढाच शब्द होता. दिग्दर्शक जोसेफ सार्जंट यांनी सुचवलं, घाबरू नकोस, शास्त्रज्ञासारखा अलिप्तपणे म्हण. तिथे पात्र सापडलं. दिग्दर्शक असा असतो!

आणि 'द नेकेड टाइम' हा भाग बघा. संसर्गाने स्पॉकचा ताबा सुटतो. संहितेत तो सगळ्यांदेखत रडणार होता. निमॉय अडून बसले की हा माणूस रडला तर आडोशालाच रडेल. म्हणून तो रिकाम्या खोलीत शिरतो, दार बंद होतं, स्वतःला आवरायला तो आकडे म्हणू लागतो आणि आकड्यांतच आवाज फुटतो. वेळ नव्हता, एकाच टेकमध्ये झालं ते. तिन्ही सीझनसाठी त्यांना एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं. कानांना नामांकन देत नाहीत.

आता एकाच भूमिकेचा शिक्का बसतो का? बसतो, ते खोटं नाही. 'स्टार ट्रेक'मधल्याच जेम्स डूहन यांना त्यांच्या स्कॉटी या भूमिकेच्या शिक्क्याचा बराच त्रास झाला. निमॉय यांनीही 1975 साली 'आय अ‍ॅम नॉट स्पॉक' नावाचं पुस्तक लिहून चाहत्यांचा रोष ओढवून घेतला होता, 1995 साली 'आय अ‍ॅम स्पॉक' लिहिलं. शिवाय त्यांच्या हातात दिग्दर्शन होतं, ते सगळ्यांच्या हातात नसतं.

तुम्हाला अशी भूमिका आलीय म्हणता, तर घ्या. मात्र दिग्दर्शकाला आधीच विचारा की या पात्राला काय वाटतं. 'त्याला काही वाटत नाही, नुसतं उभं राहायचं' असं उत्तर आलं तर पात्राला काय वाटतं ते तुम्हीच ठरवा आणि तालमीत करून दाखवा. परवानगी मागत बसू नका.