कॅमेरा लपवू नका

तुम्ही लिहिलंय की कॅमेरा घेऊन दोन महिने झाले, तीनदा पुण्याच्या मंडईत जाऊन आलात आणि कार्डावर निघाली ती फक्त कबुतरं आणि मनोरा. एकदाच माणसाकडे कॅमेरा वळवला, तर गाळ्यावरचा माणूस “ए, काय काढतोस रे?” म्हणून ओरडला आणि तुम्ही मान खाली घालून परत आलात. विचारून काढला तर माणूस अवघडतो, न विचारता काढला तर चोरी केल्यासारखं वाटतं, मग करायचं काय?

मी पुण्याच्या रस्त्यांवर पंधराएक वर्षं फोटो काढतोय. सुरुवातीला लांबची लेन्स लावून खांबाआडून काढायचो. त्यानं भीड कधीच चेपली नाही, कारण लपलेल्याला पकडलं जायची धास्ती असतेच. आणि लोकांना कॅमेऱ्यापेक्षा लपणारा माणूस जास्त खटकतो. कॅमेरा छातीवर, सगळ्यांना दिसेल असा ठेवून फिरायला लागलो, तेव्हापासून ओरडा खाणं जवळजवळ थांबलं.

सकाळी सातला जा. पहिला अर्धा तास फोटो काढूच नका. मेथीची जुडी घ्या, चहा प्या, दोन फेऱ्या मारा. तुम्ही कोण, हे लोकांना आधी बघू द्या.

मंडईत एक मावशी लिंबांचे वाटे लावत होत्या. चार लिंबं खाली, एक वर, आणि वरचं प्रत्येक वेळी पदराला पुसून. मी म्हटलं, “मावशी, वाटे लावतानाचा एक फोटो काढू?” “माझा कशाला? लिंबांचा काढ की!” असं म्हणत त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ बसून लेन्सकडे बघायला लागल्या. अगदी पासपोर्टसारखा फोटो. तोही मनापासून काढायचा आणि त्यांना दाखवायचा. मग तिथेच थांबायचं. दोन मिनिटांत गिऱ्हाईक आलं, भावावरून हुज्जत सुरू झाली, मावशी मला विसरल्या. मला हवा होता तो फोटो तेव्हा मिळाला. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच आहे: परवानगी घेतल्यावर निघून जाऊ नका. अवघडलेपणा दोन मिनिटांचा असतो.

पुढच्या आठवड्यात चार बाय सहाची प्रिंट नेऊन दिली. त्यांनी ती काट्यामागे खोचून ठेवली, आणि शेजारच्या दोघांनी “आमचा कधी?” म्हणून मलाच हाक मारली.

दर वेळी तोंडानं विचारता येत नाही. क्षण निघून जातो, हे खरं आहे. मग कॅमेरा थोडा उचलून नजरेनं विचारा. मान हलली तर काढा, हात आडवा झाला तर कॅमेरा खाली. आधी काढला आणि नंतर लक्षात आलं, तर स्क्रीन दाखवा. “पुसून टाका” म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा, वाद घालू नका.

कॅमेऱ्याशी झटापट करत उभं राहिलात तर धीर निम्मा तिथेच जातो. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिलिमीटरची लेन्स, लेन्सचं छिद्र एफ/८, फोकस हातानं अडीच मीटरवर: पावणेदोनपासून जवळजवळ पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) ऑटो. मंडईच्या १८८६ सालच्या इमारतीत उजेड कमी असतो, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील.

कायद्याचं थोडक्यात. बाईच्या खासगी क्षणाचा फोटो तिच्या नकळत काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. वारी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा फुगडीचे, गोल फेर धरून नाचणाऱ्यांचे फोटो जरूर काढा; नळावर अंघोळ करणाऱ्या, लुगडं बदलणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवू नका. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही.

पण कायद्यात बसूनही चूक होते. हातगाडीवर झोपलेल्या एका हमालाचा फोटो मी काढला आणि ‘हतबल’ असं लिहून इंटरनेटवर टाकला. काही महिन्यांनी त्याच्या मुलीचा निरोप आला: बाबा पहाटे तीनपासून माल उतरवून जरा आडवे झाले होते, हतबल नव्हते. मी फोटो काढून टाकला, माफी मागितली. त्या एका शब्दाची आजही टोचणी आहे. अमेरिकी फोटोग्राफर डोरोथिया लँगचा १९३६ सालचा ‘मायग्रंट मदर’ हा एका गरीब स्थलांतरित आईचा फोटो जगभर गाजला, पण त्या बाईचं नाव लँगनं विचारलंच नव्हतं. १९७८ मध्ये त्या बाईचा, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसनचा, शोध लागला, तेव्हा हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं असं तिचं म्हणणं होतं. हमालाच्या मुलीचा निरोप आल्यापासून मी झोपलेल्याचा, रडणाऱ्याचा, भीक मागणाऱ्याचा फोटो काढत नाही. इतर फोटोंखालीही फक्त जागा आणि तारीख लिहितो.

आणि तुमच्यावर ओरडलेल्या त्या गाळेवाल्याकडे परत जा. पावशेर मिरच्या घ्या, कॅमेरा गळ्यातच असू द्या, आणि त्या दिवशी काय काढत होतात ते स्क्रीनवर दाखवा.