बंद झालेली करवत आणि चालू असलेला हप्ता

एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे: «मी १४ वर्षे कंत्राटाने झाडे तोडण्याचे आणि छाटण्याचे काम करतो. माझी हुस्क्वर्ना ३४६ एक्सपी ही पेट्रोलवरची चेनची करवत आता थकली आहे आणि कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केले आहे. एका विक्रेत्याकडे त्याच मॉडेलचे दोन न वापरलेले नग शिल्लक आहेत. नव्या मॉडेलपेक्षा तो वीस टक्के जास्त मागतो, पण बारा हप्त्यांत पैसे घ्यायला तयार आहे. एक वापरावी आणि दुसरी खोक्यातच ठेवावी, दहा वर्षांत तिची किंमत दुप्पट होईल, असा माझा विचार आहे. बँकेतील शिल्लक अडीअडचणीची आहे, तिला हात लावायचा नाही. तेव्हा विक्रेत्याचे हप्ते बरे की विमा पॉलिसीवर कर्ज काढावे? गेल्या वर्षी मनगटाला टाके पडले आणि सहा आठवडे घरी बसावे लागले, तेव्हा मेव्हण्याकडून उसने घेतले होते, म्हणून शिल्लक जपतो. थंडीत बोटे पांढरी पडतात, त्यामुळे करवत हलकीच हवी.»

आपण पत्रासोबत जमाखर्चाचा कागद आणि पॉलिसीची प्रत जोडली, हे फार चांगले केले, कारण खरे उत्तर त्या कागदांतच आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून मी चालू बाजारातील नव्या करवतीची किंमत १०० धरतो आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापाने सांगतो. आपली वर्षाची कमाई इंधन, तेल आणि चेन वजा जाता ८५० आहे, घरखर्च ७०० आहे, बँकेत १३० आहेत आणि विम्याचा वार्षिक हप्ता ६० आहे.

आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. दोन जुन्या करवतींचे २४० होतात आणि विक्रेता २३ चे बारा हप्ते, म्हणजे २७६ मागतो. वरच्या ३६ ला तो «फक्त १५ टक्के» म्हणतो, परंतु आपण दर महिन्याला मुद्दल फेडत जाणार असल्याने वर्षभरात सरासरी १३० च्या आसपासच रक्कम आपल्याकडे राहते आणि तिच्यावर ३६ व्याज म्हणजे खरा दर २६ टक्क्यांच्या वर जातो. फ्लॅट दराची, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही व्याज लावत राहण्याची, ही हातचलाखी इतकी जुनी आहे की तिला अजून कोणी फसते याचेच मला नवल वाटते. दहा वर्षांत किंमत दुप्पट होणे म्हणजे वर्षाला सुमारे सात टक्के वाढ. ती झालीच तरीही २६ टक्क्यांनी पैसे उचलून सात टक्क्यांची आशा धरण्याला गुंतवणूक म्हणता येत नाही. शिवाय खोक्यातली करवत म्हातारी होत नाही असे नाही. इंधनाची नळी, कार्ब्युरेटरमधील पडदा आणि ऑइल सील हे भाग न वापरताही कडक होतात, आणि दहा वर्षांनी तिचा ग्राहक मिळालाच तर तो हे भाग बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून घेईल.

मॉडेल बंद का झाले, हे समजले की त्याविषयीची हळहळही थोडी कमी होईल. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळताच धुरासोबत बाहेर जातो. उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर कंपन्यांनी सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा सोडून धूर बाहेर ढकलणारी इंजिने आणली. त्यामुळे धूर कमी होतो आणि इंधनही कमी लागते, पण कार्ब्युरेटरचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झाले आणि ते तपासायला सेवा केंद्रातील संगणक लागतो. मकिता कंपनीने तर मार्च २०२२ मध्ये पेट्रोल इंजिनांच्या यंत्रांचे उत्पादनच थांबवले. म्हणून जुने मॉडेल शोधत फिरण्यापेक्षा आज ज्याचे सुटे भाग आणि मिस्त्री जवळ मिळतात ते मॉडेल घेणे, हाच पैशाच्या दृष्टीने शहाणपणा आहे. दिवसभर तोडकाम करायचे तर जादा बॅटऱ्यांचा खर्च करवतीच्या किमतीला सहज गाठतो, म्हणून बॅटरीवरच्या करवतीचा विचार आपण सध्या सोडून द्यावा.

आपल्या करवतीचे इंजिन ५०.१ सीसीचे, शक्ती २.७ किलोवॅट आणि वजन ५ किलो. त्याच कंपनीच्या ५५० एक्सपी मार्क टू या मॉडेलची शक्ती ३ किलोवॅट आणि वजन ५.३ किलो, तर स्टील (Stihl) या दुसऱ्या कंपनीच्या एमएस २६१ सी-एम मॉडेलची शक्तीही ३ किलोवॅट, पण वजन ४.९ किलो. ही सगळी वजने बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), चेन आणि इंधन सोडून दिलेली असतात, त्यामुळे प्रत्यक्ष हातात येणारे ओझे साडेसहा किलोच्या आसपास असते आणि पत्रकात डोळ्यांत भरणारा चारशे ग्रॅमचा फरक त्यात बराच विरघळतो. आता आपल्याकडे .३२५ पिचच्या (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे माप) डझनभर चेन आणि तीन बार आहेत, ज्यांची किंमत मी ४० धरतो. दुसऱ्या कंपनीची करवत घेतली तर बार बसवण्याची खाच आणि चेनच्या दातांची जाडी जुळत नाही, म्हणजे तो साठा वाया जाऊन हलकी करवत १०० ऐवजी १४० ला पडते. चारशे ग्रॅमसाठी ४० द्यावेत की नाही हे मी सहज «नाही» म्हणून उडवून लावले असते, पण आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्याने मला थांबवले. त्याकडे पुढे येतो.

किमतीच्या फरकाची मात्र आपण फार चिंता करू नये. २०० दिवस काम धरले तर दिवसाची कमाई सव्वाचार होते. चार वर्षे टिकणारी करवत वर्षाला २५ खाते, म्हणजे कमाईच्या तीन टक्के. करवत बिघडून पाच दिवस काम बुडाले तर २१ गेले, म्हणून जोडीला दुसरी करवत असावी ही आपली इच्छा चुकीची नाही. ती दुसरी करवत आपल्याकडे आहेच. पिस्टन, सिलिंडर आणि ऑइल सील बदलायला मी २० धरतो आणि तेवढ्यात आपली जुनी ३४६ राखीव करवत म्हणून उभी राहील. नवी १०० आणि ही २०, म्हणजे १२० मध्ये दोन चालू करवती झाल्या. त्याच कामासाठी आपण २७६ द्यायला निघाला होतात.

हे १२० बँकेतील १३० मधूनच द्यावेत. अडीअडचणीची शिल्लक म्हणून ती रक्कम जपायची आणि तिच्या बाजूलाच २६ टक्क्यांचे कर्ज उभे करायचे, यात जपणूक काहीच नाही. पॉलिसीवरच्या कर्जाचा प्रश्नही इथेच संपतो, कारण कर्जाची गरजच राहत नाही. शिल्लक दहावर येईल हे मला मान्य आहे, आणि ती परत कशी भरायची याचे उत्तर पॉलिसीतच आहे.

आपण लिहिता की एजंटने «हाताला काही झाले तरी पॉलिसी आहेच» असे सांगितले होते. मी ती पूर्ण वाचली. तिच्यात मृत्यूनंतर ६०० मिळतात, म्हणजे एका वर्षाचा घरखर्चसुद्धा नाही, आणि अपंगत्वासाठी एक कवडीही नाही. करवतीवर पोट असलेल्या माणसाला हात निकामी झाल्यावर काहीच न देणारी पॉलिसी विकणे आणि वर ती हाताचीच पॉलिसी आहे असे सांगणे, याला चूक म्हणायला माझी तयारी नाही. गेल्या वर्षीच्या सहा आठवड्यांचा घरखर्च ८० होता. ते ८० मेव्हण्याने दिले, ६० चा हप्ता घेणाऱ्या पॉलिसीने नाही, आणि ही गोष्ट आपण पत्रात ओझरती लिहून पुढे गेलात.

बचत म्हणून पाहिले तरी चित्र फारसे वेगळे नाही. १५ वर्षे ६० भरून शेवटी १२०० मिळणार, म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के. चार वर्षांत २४० भरले आहेत. आज सोडली तर ११० हातात येतील, आणि हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे भरलेल्या हप्त्यांपुरतीच चालू ठेवली, तर ११ वर्षांनी ३२० मिळतील, असे कंपनीच्याच पत्रात आहे. गेलेले १३० विसरून पुढचाच हिशेब करू. आजचे ११० पेड-अप ठेवून ३२० होतात, म्हणजे वर्षाला सुमारे दहा टक्के. उलट पुढचे ११ हप्ते, म्हणजे ६६०, भरल्याने शेवटी ८८० जास्त मिळतात, म्हणजे जेमतेम पावणेपाच टक्के. त्यामुळे पॉलिसी मोडू नका आणि चालवूही नका, पेड-अप करा. एजंट «नुकसान होईल» असे सांगायला नक्की येईल. नुकसान होऊन चुकले आहे, आणि त्यातला त्याचा वाटा त्याला पहिल्याच वर्षी मिळाला आहे.

वाचलेल्या ६० मधून घरखर्चाच्या दहापट, म्हणजे ७००० चा शुद्ध टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा घ्यावा. वय आणि धोक्याचा व्यवसाय धरून त्याचा हप्ता ४० पर्यंत गेला तरी चालेल. उरलेल्या २० मध्ये अपघाती अपंगत्वाचे आणि काम थांबल्यास उत्पन्न देणारे संरक्षण जितके मिळेल तितके घ्यावे. आपल्या जमाखर्चात हप्ता देऊनही वर्षाला ९० उरतात. त्यातले २५ पुढच्या करवतीसाठी आणि ६५ अडीअडचणीसाठी बाजूला टाकले, तर सहा आठवड्यांचे ८० सव्वा वर्षात उभे राहतील आणि सहा महिन्यांचे ३५० उभे राहायला पाचएक वर्षे लागतील. हा वेग मला पुरेसा वाटत नाही. म्हणून पुढच्या कंत्राटांत करवतीची झीज आणि संरक्षक कपड्यांचा खर्च दरात धरावा, तो आजवर आपण धरलेलाच नाही. दिवसाचा दर आपल्या मापाने पाव (०.२५) जरी वाढला तरी वर्षाला ५० येतात आणि पाचाची तीन वर्षे होतात.

आता बोटांविषयी. थंडीत बोटे पांढरी पडणे हे करवतीच्या वजनाचे लक्षण नाही. कंपनाने बोटांतील रक्तवाहिन्या आणि नसा बिघडू लागल्याची ती खूण असू शकते, आणि काम तसेच चालू ठेवले तर हा विकार वाढत जातो. युरोपीय महासंघाच्या २००२ च्या निर्देशात आठ तासांच्या कामासाठी हातांना बसणाऱ्या कंपनाची २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग ही उपाययोजना सुरू करण्याची पातळी आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. कंपन दुप्पट झाले की चालणारा वेळ चौथाई होतो, म्हणजे हँडलवर ५ कंपन असलेली करवत दोनच तासांत पहिली पातळी गाठते आणि ३.५ असलेली चार तासांत. तेव्हा दुकानात वजनाआधी माहितीपुस्तिकेतला दोन्ही हँडलच्या कंपनाचा आकडा पाहावा. हलक्या करवतीचा तो आकडा स्पष्ट कमी असेल तर चेनच्या साठ्याचे ४० सोडून द्यायला मी आनंदाने सांगेन, मग त्यासाठी जुन्या करवतीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली तरी हरकत नाही. बोथट चेन आणि सैल झालेल्या कंपनरोधक स्प्रिंगा कंपन वाढवतात, म्हणून जुनी करवत दुरुस्त कराल तेव्हा त्या स्प्रिंगाही बदलून घ्याव्यात.

विम्याच्या दृष्टीने ही बोटे अधिक अडचणीची आहेत. अर्जात ती लपवली तर दावा करायच्या वेळी कंपनी तेवढ्याच कारणावरून पैसे नाकारू शकते, आणि सांगितली तर हाताच्या विकारांचा अपवाद टाकून पॉलिसी मिळण्याची शक्यता आहे. तरीही सांगावीच. अपवाद पडला तर हातांपुरता विमा नाही हे गृहीत धरून दिवसातले करवतीचे तास कमी करावे लागतील आणि तोडकामाला हाताखाली शिकलेला माणूस लागेल, ज्याची मजुरी कंत्राटात आधीच धरलेली असली पाहिजे. आपण आणखी १६ वर्षे हेच काम करण्याचे योजले आहे, आणि ती १६ वर्षे पूर्ण तासांची असतील असे आपला जमाखर्च गृहीत धरतो. ते गृहीतक मी खोडले आहे.

आपला पुढचा हप्ता दोन महिन्यांवर आहे. या आठवड्यात डॉक्टरांना बोटे दाखवावीत, त्यांचा अहवाल जोडून टर्म आणि अपंगत्व विम्याचे अर्ज करावेत, आणि टर्म विमा मंजूर झाल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करण्याचे पत्र कंपनीला द्यावे, म्हणजे मधला एकही दिवस विम्याविना जाणार नाही. हे पत्र एजंटच्या हाती देऊ नये. ते थेट कंपनीच्या शाखेत द्यावे आणि पोच घ्यावी.