त्याला वाचायला सांगायला जीव होत नाही

वंचित घरांतल्या लहान मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका माझ्याकडे येतात तेव्हा एक काळजी हमखास असते. ‘ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत, त्याला अभ्यासावरून कसं बोलायचं? जीवच होत नाही. माझं चुकतंय का?’

गेल्या जुलैत बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या बाई हेच विचारत आल्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्गात बरीच मुलं ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आसपास आईबापांचा कोयता कारखान्याकडे निघतो, सोबत मुलंही जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुसरीतला एक मुलगा बाईंच्या मनातून हलत नव्हता. त्याची नखं त्या कापायच्या, खिचडी दुसऱ्यांदा वाढायच्या, स्वतःच्या लेकाचे सदरे आणून द्यायच्या. पोरगं मात्र वर्गात चकार शब्द बोलत नव्हतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

सुरुवातीला मला वाटलं, बाई थकल्या आहेत. रजा घ्या, असंही सुचवलं. ते माझं चुकलं. पुढच्या भेटीत विचारलं, ‘आठवडाभरात त्याला वर्गात प्रश्न किती वेळा विचारलात?’ त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘एकदाही नाही. नाही आलं तर सगळ्यांसमोर बिचाऱ्याची मान खाली जाईल.’

इथं धागा सापडला. तिसरीत असताना वही नाही म्हणून एका गुरुजींनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या दिवसापासून ‘विचारणं’ म्हणजे ‘अपमान करणं’ हे मनात पक्कं बसलेलं. वहीपायी उभं केलेली ती मुलगी आज दुसऱ्याच्या लेकराला जपत होती. पण सात वर्षांच्या मुलाला त्यातून वेगळंच कळत होतं: बाई सगळ्यांना विचारतात, मला नाही, म्हणजे मला येत नसणार.

माया कमी करा, असं मी म्हटलं नाही. सदरे द्या, खिचडी वाढा. फक्त रोज एक प्रश्न त्यालाही विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मनात दहा आकडे मोजा. चुकलं तर ‘असू दे’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘परत बघ’ म्हणा.

दोन आठवडे काही घडलं नाही. मग बाईंनी फडावरचंच गणित घातलं: वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांचा चारा) पाच पेंढ्या विकल्या, एक दहाला, तर पैसे किती? पोरानं मान वर न करता सांगितलं, ‘पन्नास. पण पाच घेतल्या तर चाळीसलाच मागतेत.’ आईबाप ऊस तोडत असताना वाढं विकायला रस्त्याकडेला हाच बसायचा. व्यवहार त्याला तोंडपाठ होता, पाटीवरचे आकडे तेवढे अनोळखी होते. बाईंनी त्याच्याच हातानं ते पन्नास आणि चाळीस लिहून घेतले. पाचाचं पोट त्यानं उलट्या बाजूला काढलं, बघितलं आणि स्वतःच पुसलं.

वाचन अजून जोडाक्षरांपाशी अडतं. यंदाच्या हंगामात त्याला गावीच आजीजवळ ठेवावं, शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवायची सोय होते, म्हणून बाई आईबापांशी बोलत आहेत. ते अजून ठरलेलं नाही.

परवा त्यांचा फोन आला. ‘आज रुसून बसला होता हो! घंटा झाली आणि वाचायचा त्याचा नंबर हुकला.’