इंजिन खोलायचे की बदलायचे?

प्रश्न : माझी चार सिलिंडरची पेट्रोल मोटार २,४०,००० किलोमीटर धावली आहे. वर्षभरापासून ती ऑइल खाते आहे आणि हजार किलोमीटरमागे सुमारे एक लिटर ऑइल वरून घालावे लागते. सकाळी गाडी सुरू करताच निळसर धुराचा लोट येतो आणि मिनिटभरात तो थांबतो. एक मेकॅनिक इंजिनाचे पूर्ण काम काढायला सांगतो, तर दुसरा वापरलेले इंजिन आणून बसवा म्हणतो. गाडीची बॉडी आणि गिअरबॉक्स चांगले आहेत. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तूर्त दोघांचेही ऐकू नये. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे धूर सकाळी येतो आणि लगेच थांबतो. वॉल्व्ह सीलचे, म्हणजे वॉल्व्हच्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या कड्याचे, रबर कडक झाले, की गाडी रात्रभर उभी असताना हेडमधील (इंजिनाच्या वरच्या भागातील) ऑइल वॉल्व्हच्या दांड्यावरून थेंबाथेंबाने खाली उतरते आणि सकाळी इंजिन सुरू होताच जळून जाते. पिस्टनभोवतीच्या, दाब आणि ऑइल अडवणाऱ्या रिंगा झिजल्या असत्या, तर हा निळा धूर चढावर किंवा ॲक्सिलरेटर दाबून धरल्यावरही दिसला असता. बहुतेक इंजिनांत वॉल्व्ह सील हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून वॉल्व्ह जागेवर धरून, बदलता येतात. त्याआधी क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या पोटातील) वायू बाहेर नेणारा पीसीव्ही वॉल्व्ह तुंबलेला नाही ना, हेही पाहून घ्यावे. एवढ्याशा भागापायीही ऑइलचा खर्च वाढतो.

तरीही हजार किलोमीटरला एक लिटर हे प्रमाण केवळ सीलच्या माथी मारता येत नाही, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये पिस्टन किती दाब तयार करतो ते, तपासून घ्यावे. त्यासाठी इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, चारही स्पार्क प्लग काढलेले असावेत आणि थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडे ठेवावे. मेकॅनिकचे ‘ठीक आहे’ ऐकून परत न येता प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर उतरवून घ्यावा. समजा, १२, १२, ११.५ आणि ८ बार असे आकडे आले, तर चौथ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा ठळकपणे वर चढला तर रिंगा गेल्या आहेत. जागचा हलला नाही तर दोष वॉल्व्हमध्ये किंवा हेड आणि सिलिंडरांचा ब्लॉक यांच्या सांध्यातील हेड गॅस्केटमध्ये आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम पडलेले असतील, तर संशय आधी गॅस्केटवर घ्यावा.

दुसरी तपासणी ऑइलच्या दाबाची. डॅशबोर्डावरचा दिवा फार उशिरा पेटतो, त्यामुळे गेज जोडून गरम इंजिनाचा दाब मोजावा आणि निर्मात्याने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. दाब कमी असेल, भार येताच खालून जड ठोका ऐकू येत असेल आणि जुना ऑइल फिल्टर कापून पाहिल्यावर त्याच्या कागदात धातूची चमकी दिसत असेल, तर क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगा संपल्या आहेत.

आता निर्णय. आकडे चांगले आले तर सील बदलून गाडी वापरावी. रिंगा गेल्या असून क्रँक शाबूत असेल, तर दुरुस्तीच करावी. मात्र बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजून, गरज पडल्यास ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर वाढवून आणि त्याच मापाचे पिस्टन घालून. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातलेले इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा धूर काढू लागते, आणि दुर्दैवाने स्वस्तात केलेली बहुतेक कामे याच प्रकारची असतात. क्रँक किंवा ब्लॉकच खराब निघाला, तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करावा.

वापरलेल्या इंजिनाचे ‘रनिंग’ विक्रेता सांगेल तेवढेच असते, कारण मीटर गाडीत असतो, इंजिनात नसतो. म्हणून वरची कॉम्प्रेशनची चाचणी त्या इंजिनावरही करून घ्यावी, आणि विक्रेता ती करू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडावा. इंजिन खाली असतानाच टायमिंगचा संच (क्रँक आणि वॉल्व्ह यांचा मेळ राखणारा पट्टा किंवा साखळी), वॉटर पंप आणि मागचे ऑइल सील बदलून घ्यावे, नाहीतर त्याच मजुरीचा भुर्दंड पुन्हा बसतो. बदलून बसवलेल्या इंजिनाचा क्रमांक गाडीच्या कागदपत्रांत नोंदवायलाही विसरू नये.

खर्चाची तुलना गाडीच्या विक्रीच्या किमतीशी करण्याचा प्रघात आहे, पण तो मला पटत नाही. बॉडी आणि गिअरबॉक्स चांगले असलेली, जिची खोडी आपल्याला ठाऊक आहे अशी गाडी विकून तितक्याच भरवशाची दुसरी घ्यायला काय पडेल, त्या रकमेशी दुरुस्तीचा खर्च ताडून पाहावा.

चाचण्या होईपर्यंत दर दोन-तीनशे किलोमीटरला, सपाट जागी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे गेल्यावर, डिपस्टिक पाहत जावे. ऑइल खाणारी पुष्कळ इंजिने झिजून मरत नाहीत, ऑइल कमी पडल्याने जाम होतात.